साहेबाचे हॉटेल, आपली पडझड

काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनचा विषय निघाला की दोन बाजू ठरल्याप्रमाणे उभ्या राहतात. एक बाजू विचारते, गोऱ्यांसाठी उघडलेला आणि आपल्या माणसांना दारातून परत पाठवणारा तो साहेबाचा गुत्ता आपण कशासाठी जपायचा? दीडशे वर्षे उभा राहिला, पुरे झाले. दुसरी बाजू लगेच जमशेटजी टाटा, मार्क ट्वेन आणि ल्युमिएर बंधू ही तीन नावे पुढे करते आणि एवढ्यावर आपले काम संपले असे मानते. मला दोन्ही युक्तिवाद कच्चे वाटतात. दुसऱ्याचा त्रास जास्त होतो, कारण तो माझ्या बाजूने केला जातो. ही इमारत वाचली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तिथे कोण उतरले होते हे त्याचे कारण नाही. तिथे ज्यांनी काम केले, नंतर जे तिथे राहिले आणि ज्यांनी पाच-सहा दशके तिच्या खोल्यांत बसून कागद लिहिले, त्यांच्यामुळे ती आपली आहे. तिची आजची दशाही साहेबाने केलेली नाही. स्वतंत्र भारतातल्या कायद्यांनी, मालकीच्या गुंत्याने आणि सरकारी यंत्रणेच्या चालढकलीने ती झाली आहे. पारतंत्र्याच्या खुणा ठेवाव्यात की पाडाव्यात, या वादात हा दुसरा हिशेब कुणी कुणाला विचारतच नाही.

आधी इमारतीबद्दल थोडे. १८६० च्या दशकात मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि त्यांच्याबाहेरचे मोकळे मैदान बांधकामाला खुले झाले. कापसाच्या तेजीचा पैसा शहरात खेळत होता. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याने इथे जागा घेतली आणि रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छताच्या कामात सहभागी असलेला हाच तो ऑर्डिश. इमारतीचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या गेल्या, बोटीने मुंबईला आल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडल्या गेल्या. पाच मजले, १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताखाली नाचघर, खाली उपाहारगृह आणि बार. तिचे खरे वेगळेपण मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही: इथे भिंती भार पेलत नाहीत, लोखंडी सांगाडा पेलतो. आज मुंबईतला प्रत्येक टॉवर याच तत्त्वावर उभा राहतो, फक्त लोखंडाच्या जागी पोलाद आणि काँक्रीट आले. ज्या शिकागोने गगनचुंबी इमारतींचा जन्म आपल्याकडे झाल्याचा अभिमान मिरवला, तिथली होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ ची, आणि ती १९३१ मध्ये पाडली गेली. वॉटसन तिच्याहून दीड दशकाने जुनी आहे आणि अजून उभी आहे. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली भारतातली सर्वांत जुनी इमारत म्हणून ती ओळखली जाते. ज्या शहराची सारी महत्त्वाकांक्षा आज उंचीत मोजली जाते, त्याला या सांगाड्याबद्दल काहीच वाटू नये?

आता टाटांची गोष्ट. जमशेटजींना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही कथा मुंबईत प्रत्येकाने ऐकली आहे. ऐकायला ती फार समाधान देणारी आहे, पण तिला समकालीन आधार सापडत नाही आणि अनेक अभ्यासकांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे. ताज १९०३ च्या डिसेंबरात उघडले. त्याआधी, १८९६ पासून प्लेगने मुंबईची कंबर मोडली होती. लोक शहर सोडून पळत होते, व्यापार मंदावला होता, बाहेरच्या माणसाने इथे यावे असे काही उरले नव्हते. अशा वेळी शहरावर विश्वास दाखवणारे मोठे हॉटेल बांधणे ही दूरदृष्टी होती, आणि जमशेटजींच्या कर्तृत्वाला ती शोभते. त्यांच्या इतक्या मोठ्या निर्णयाला एका दरवानाच्या उर्मटपणाचे उत्तर ठरवणे, हा मला त्यांचाच अवमान वाटतो. शिवाय ही कथा संवर्धनाच्या उपयोगाची तरी आहे का? इमारतीचे महत्त्व तिथे झालेल्या अपमानात असेल, तर अपमानाची जागा पाडून टाका म्हणणाऱ्याला उत्तर काय देणार? आणि कथा खोटी ठरली तर जपण्याचे कारणही तिच्याबरोबर गेले. अशा दोन्हीकडून तुटणाऱ्या दोरीवर आपण दीडशे वर्षांची इमारत टांगून ठेवली आहे.

भेदभाव मात्र खरा होता. त्यासाठी टाटांच्या कथेची गरज नाही. वॉटसन हे गोऱ्यांचे हॉटेल होते. तसेच भायखळा क्लब, तसाच यॉट क्लब. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विलिंग्डन क्लब निघाला तो हिंदी आणि युरोपीय दोघांना एकत्र बसता यावे म्हणून, यावरून आधीची स्थिती काय असेल ते कळते. पण या भेदभावाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे नेहमी दारात अडवलेला श्रीमंत हिंदी माणूसच का येतो? ज्यांना आत घेतले जात होते त्या हिंदी माणसांचे काय? पंख्याची दोरी ओढणारा, पाण्याच्या पखाली वाहणारा, सामान उचलून पाच मजले चढणारा, रात्रभर खोलीबाहेर बसून राहणारा. ते रोज आत जात होते. त्यांच्यासाठी दार बंद नव्हते, त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

इथेच मार्क ट्वेनचा उल्लेख करायला हवा, पण तो जसा केला जातो तसा नाही. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत आला, वॉटसनमध्ये उतरला, इथल्या कावळ्यांवर त्याने मजेदार लिहिले, आणि संवर्धनाच्या प्रत्येक पत्रकात ते कावळे येतात. त्याच प्रवासवर्णनात, त्याच हॉटेलच्या मुक्कामातला आणखी एक प्रसंग आहे. खोली दाखवायला आलेला एक धिप्पाड जर्मन माणूस काहीतरी नीट झाले नाही म्हणून एका हिंदी नोकराच्या जबड्यावर फटका मारतो. नोकर काही बोलत नाही, चेहऱ्यावर रागही दिसू देत नाही. ते पाहून ट्वेनला अमेरिकेच्या दक्षिणेतले आपले बालपण आठवते, तिथले गुलाम आठवतात, गुलामांना असे मारणे किती नेहमीचे मानले जात असे ते आठवते. म्हणजे वॉटसनमधल्या एका खोलीत, एका परक्या लेखकाने हे हॉटेल आणि गुलामगिरी यांच्यातला धागा पकडला आणि लिहून ठेवला. त्या नोकराचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण ती घटना ज्या सांगाड्यात घडली तो उभा आहे. आपण तिथे फलक लावतो तेव्हा ट्वेनचे नाव लिहितो, त्या नोकराबद्दल एक ओळ लिहीत नाही. इमारत पाडा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारेन: या माणसाच्या बाजूने उभे राहायचे असेल तर त्याच्या साक्षीची जागा पुसून ते कसे साधणार?

ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ ७ जुलै १८९६ ला इथेच झाला, तिकीट एक रुपया. दाखवलेल्या छोट्या चित्रांत आगगाडीचे स्थानकात येणे होते, समुद्रस्नान होते, भिंत पाडण्याचे दृश्य होते, आणि कारखान्यातून सुटणारे कामगारही होते. त्याच संध्याकाळी काही मैलांवर परळ-लालबागच्या गिरण्यांतून हजारो कामगार सुटले असतील, आणि एक रुपया त्यांच्या आवाक्यातला नव्हता. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथे पुढे चार आण्यांची तिकिटेही ठेवली गेली, पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली, आणि सिनेमा खऱ्या अर्थाने मुंबईचा झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, या खेळांनी इतके भारले गेले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांचे स्वागत. साहेबाच्या नाचघरात सुरू झालेली गोष्ट पाच वर्षांत एका मराठी माणसाने एका मराठी माणसाच्या सत्कारावर रोखलेल्या कॅमेऱ्यापर्यंत आली. हा प्रवास सांगायचा तर त्याचे पहिले टोक हवेच.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा मला वेगळाच वाटतो, आणि तो फारसा कुणी नीट मांडत नाही. तो असा: साहेबाचा बार वारसा ठरतो, मग आमच्या ताडीच्या मांडवाचे काय? मुंबई बेटावर माहीम-दादरच्या वाड्यांमध्ये माडांवर चढून पोय ताशणारे, मडक्यात ताडी-माडी उतरवणारे भंडारी साहेबाच्या कितीतरी आधीपासून इथले. १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यांच्या झाडांवर जबर कर बसला, दारू गाळण्याचे हक्क मोठ्या मक्तेदारांकडे गेले आणि एका अख्ख्या समाजाचा पिढीजात धंदा मोडत गेला. ज्या सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी वॉटसनच्या बारमध्ये विलायती बाटल्या उघडत होत्या, त्याच सरकारने भंडाऱ्याच्या मडक्यावर कर बसवला. वाड्या गेल्या, त्यांवर इमारती आल्या. पुढे गिरणगावातले गुत्ते गेले, दारूबंदीच्या काळातले आंटीचे अड्डे गेले. यांतल्या एकाही जागेला कधी वारशाचा दर्जा मिळाला नाही. शहराच्या वारसा यादीत दगडी कमानी आणि घुमट भरपूर आहेत. ज्यांच्या घामावर ते उभे राहिले त्यांच्या चाळी, खाणावळी आणि दारूची पिठे जवळजवळ नाहीतच. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? यादी एकांगी आहे म्हणून यादीतली इमारत पाडली, तर भंडाऱ्याचा मांडव परत उभा राहणार नाही. गिरण्यांच्या जमिनी गेल्या तेव्हा साहेबाच्या इमारती पडल्या नव्हत्या म्हणून गेल्या, असे कुणी म्हणू शकेल का? उलट, जिथे एखादी वास्तू शिल्लक आहे तिथेच ही पूर्ण गोष्ट सांगता येते: वर नाचघर, खाली बार, आणि त्याच वर्षांत त्याच शहरात झाडामागे मोजला जाणारा कर. वॉटसनच्या तळमजल्यावर अबकारीचा इतिहास मांडला तर तो जितका अंगावर येईल तितका तो कोणत्याही पुस्तकात येणार नाही.

पारतंत्र्याच्या खुणांचा मुद्दाही मी सहज बाजूला सारत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या आणि रायगडावरचे वाडे जळाले. आज तिथे गेलेला माणूस जोत्यांवरून चालतो आणि इथे काय होते याची कल्पना करतो. दहा वर्षांनी शनिवारवाड्यातले महाल आगीत गेले, उरली तटबंदी. जेत्याने आपले काही ठेवले नाही, मग आपण त्याचे का ठेवावे, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनातली जखम खरी आहे. मात्र वास्तू गेली की माणसाच्या हातून काय जाते हे रायगडाच्या जोत्यांवर उभे राहिलेल्या आपल्याइतके कुणाला कळणार? आणि मुंबईने या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर कधीच शोधले आहे. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. १९६५ मध्ये तो चौकातून हलवला आणि जिजामाता उद्यानात नेऊन ठेवला. राजा उतरवला, फोडला नाही. त्याच उद्यानाला लागून असलेले व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांच्या नावाचे झाले. व्हीटीला १९९६ मध्ये शिवछत्रपतींचे नाव मिळाले, आणि २००४ मध्ये तीच इमारत जागतिक वारसा झाली. रोज लाखो लोक तिच्यातून धावत लोकल पकडतात, त्यांतल्या कुणाला आपण राणीच्या घरातून चाललो आहोत असे वाटत नाही. वापराने वास्तूची मालकी बदलते. वॉटसनलाही हेच लागू आहे, हे आपण मान्य का करत नाही?

कारण वापर म्हणाल तर तो साहेबापेक्षा आपला जास्त आहे. हॉटेलचे वैभवाचे दिवस ताज उघडेपर्यंतचे, म्हणजे जेमतेम तीन दशकांचे. १९६० च्या दशकात हॉटेल बंद पडले, खोल्या पाडून छोटे गाळे झाले, आणि २०१९ मध्ये रिकामी करेपर्यंत तिथे कुटुंबे राहिली आणि वकिलांची कार्यालये चालली. शेजारी सत्र न्यायालय, चालत थोड्या अंतरावर उच्च न्यायालय. जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिलासाठी आलेला पक्षकार, फाइल बगलेत मारून जिना उतरणारा कारकून, प्रतिज्ञापत्र टंकणारा टायपिस्ट, हे सगळे याच सांगाड्यात वावरले. कुणाच्या जमिनीचा, कुणाच्या नोकरीचा, कुणाच्या घटस्फोटाचा कागद इथे तयार झाला. जिथे हिंदी माणसाला फक्त नोकर म्हणून जागा होती तिथे तो अशील म्हणून खुर्चीवर बसला. मला हा या इमारतीच्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, आणि तो भाग कोणत्याही माहितीपत्रकात येत नाही. तिथे वैभव, मग ऱ्हास, असा मजकूर असतो. आपल्या माणसांच्या वापराला ऱ्हास म्हणणे मला मान्य नाही. त्या काळात देखभाल झाली नाही, हे मात्र खरे, आणि तो वेगळा विषय आहे.

आता जिवाचा प्रश्न. २००५ च्या पावसाळ्यात या इमारतीच्या सज्जाचा भाग कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. यापुढे कोणताही वारसा मोठा नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. जी इमारत रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर पडू शकते ती जशी आहे तशी उभी ठेवण्याचा हट्ट धरणे हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये मुंबई आयआयटीच्या अहवालाने इमारत दुरुस्तीपलीकडे गेल्याचे सांगून पाडण्याची शिफारस केली. संवर्धन क्षेत्रातल्या वास्तुविशारदांनी आणि अभियंत्यांनी तिला हरकत घेतली. दोन तज्ज्ञ मतांतले कोणते बरोबर, हे वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांवरून ठरवता येत नाही. पण त्यामागचे तांत्रिक तत्त्व सामान्य माणसाला समजण्यासारखे आहे. ओतीव लोखंड, आपण ज्याला बीड म्हणतो ते, दाब उत्तम पेलते, ताण पेलत नाही, आणि ठिसूळ असते. त्यामुळे खांबापेक्षा बाहेर लोंबणारा सज्जा आधी जातो. मूळ आराखड्यात नसलेला भार, वाढत गेलेली विभाजने, मुरणारे पाणी आणि समुद्राची खारी हवा यांनी उरलेले केले. ‘धोकादायक’ हा शब्द संपूर्ण इमारतीला लावला की हे सगळे फरक एका शब्दाखाली दडपले जातात. कोणता खांब सुरक्षित, कोणती तुळई गेली, कोणता सज्जा उतरवलाच पाहिजे, ही यादी हवी. ती प्रत्येक सुट्या भागाची हवी.

त्यावर एक हुशार प्रतिप्रश्न येतो: इतके भाग बदलल्यावर मूळ इमारत उरली कुठे? दगडी देवळाबद्दल हा प्रश्न अवघड असेल, इथे नाही. ही वास्तू जन्मापासूनच जोडणीची आहे. एकसारखे खांब साच्यात ओतले, क्रमाने लावले, एकमेकांना जोडले. एखादा भाग बदलता यावा हा या पद्धतीचा गुणच आहे. त्यामुळे बिघडलेली तुळई काढून नवी बसवणे हे मूळ कल्पनेशी प्रामाणिक राहणे आहे.

मग इमारत या अवस्थेला आली कशी? इथे वादातल्या दोन्ही बाजू गप्प होतात, म्हणून मी इथे जरा थांबणार आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतरच्या घरटंचाईत तो कायदा हवाच होता, त्याने लाखो लोकांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले. पण तात्पुरती म्हणून आणलेली तरतूद मुदतवाढी घेत दशकानुदशके चालली. मालकाच्या हाती येणाऱ्या भाड्यातून रंगही लागेना, मग गळती कोण दुरुस्त करणार? भाडेकरूने पागडी मोजलेली, तो म्हणे दुरुस्ती मालकाची जबाबदारी. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीची जबाबदारी काही प्रमाणात स्वतःकडे घेतली. हजारो इमारती आणि तुटपुंजा निधी, म्हणून टेकू लावण्यापलीकडे काम क्वचितच गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याची तरतूद आता वाजवी राहिली नसल्याचे सांगितले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. चाळीस-पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, हे सांगायची गरज नाही.

दरम्यान उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला वाढीव चटई क्षेत्र मिळू लागले. पाडण्यात पैसा, जपण्यात तोटा, असे गणित शासनाच्या नियमांनीच घालून दिले. १९९५ च्या वारसा नियमावलीत जपणाऱ्या मालकाला टीडीआरची, म्हणजे त्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, भरपाई ठेवली होती, पण एका बाजूला दक्षिण मुंबईतला नवा टॉवर आणि दुसऱ्या बाजूला कागदावरचे हक्क असतील तर मालकाचे मन कुणीकडे झुकेल? अशा वेळी ‘गुलामीची खूण’ हा शब्दप्रयोग कुणाच्या उपयोगी पडतो, याचा विचार तो तळमळीने वापरणाऱ्यांनी करावा. त्यांच्या देशप्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी मोकळी करून दिलेल्या भूखंडावर त्या नोकराचे किंवा भंडाऱ्याचे स्मारक उभे राहणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

हे सगळे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईतच उदाहरणे आहेत. रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडले, धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत २०१२ मध्ये त्याचे नाव आले, आणि २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले, तिथे आज गाणे होते, नाटक होते. वॉटसनचे नाव अशाच यादीत २००५ मध्ये आले, म्हणजे सात वर्षे आधी. मग एक उभे राहिले आणि दुसरे का नाही? ऑपेरा हाउसला एक मालक होता आणि त्याची इच्छा होती. वॉटसनमध्ये शंभराहून जास्त भाडेकरू, एक मालक, एक मंडळ, एक महापालिका, एक वारसा समिती आणि न्यायालय, आणि यांतल्या कुणाचाही एकट्याचा निर्णय पुरेसा नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तर महापालिका, एक संवर्धन संस्था आणि एक खाजगी प्रतिष्ठान एकत्र आले. तिथेही विलायतेहून आलेले लोखंडी खांब होते, तिथेही पडझड होती. तिथल्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. कारागीर इथलेच होते, तंत्र इथलेच होते. लंडनने ऑर्डिशचे सेंट पँक्रस १९६० च्या दशकात पाडायला काढले होते, नागरिकांनी भांडून ते थांबवले. आज तिथून युरोपला गाड्या सुटतात. त्याच अभियंत्याची मुंबईतली इमारत आपण वाचवू शकत नाही, असे मानण्याइतका माझा या शहरावरचा विश्वास उडालेला नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. सर्वांत आधी रस्त्याकडचे कमकुवत सज्जे, प्रत्येक भागावर क्रमांक घालून, उतरवून सुरक्षित ठिकाणी ठेवावेत. त्याने पादचाऱ्याचा धोका आजच कमी होतो आणि पाडकामाचे निमित्तही. त्यानंतर सांगाड्यातल्या प्रत्येक खांबाची आणि तुळईची तपासणी व्हावी, तिचा अहवाल मराठीतही प्रसिद्ध व्हावा, आणि परस्परविरोधी मते असलेल्या अभियंत्यांना एकाच अहवालावर आपापला शेरा लिहायला सांगावे. भाडेकरूंना परत येण्याचा किंवा योग्य मोबदल्याचा लेखी हक्क मिळावा, कारण तो मिळेपर्यंत कुणीही दुरुस्तीला मनापासून होकार देणार नाही. मालकाला टीडीआर द्यायचा असेल तर तो काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर, टप्प्याटप्प्याने द्यावा. मालकाने हे नाकारले तर सरकारने इमारत संपादित करावी, त्याचा खर्च अर्थसंकल्पात उघडपणे दाखवावा आणि त्यावर विधिमंडळात चर्चा होऊ द्यावी. वरच्या मजल्यांवर कार्यालये परत यावीत, त्यांचे भाडे बाजारभावाच्या जवळ असावे आणि त्यातला ठरलेला हिस्सा कायमच्या देखभाल निधीत जावा. नाचघर आणि तळमजला लोकांसाठी खुला असावा: तिथे सावे दादांचा कॅमेरा असावा, भंडाऱ्याचे मडके असावे, आणि ट्वेनने पाहिलेल्या त्या नोकराची हकिगत मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रवेशद्वाराच्या आत पहिल्याच भिंतीवर लिहिलेली असावी. यातले पहिले काम, सज्जे उतरवण्याचे, येत्या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकते, आणि त्यासाठी साहेब चांगला होता की वाईट हे ठरवत बसावे लागत नाही.